दुकान वाचवायचे असेल, तर जुन्या डिस्क पुन्हा घ्यायला लागा

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचे एक छोटे दुकान आहे. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या पिवळ्या कॅसेट तिथे मिळत असत, तेव्हापासून मी तिथे जातो आहे. गेल्या आठवड्यात मालकांनी, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना दादा म्हणतो त्यांनी, शटर ओढता ओढता मला विचारले, "गाळा मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने देऊन टाकू का? तुला काय वाटतं?" उभ्याउभ्या मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज सविस्तर लिहितो आहे, कारण दादांची बरीच जुनी गिऱ्हाइके माझ्या मित्रयादीत आहेत आणि हा निर्णय आपल्याही वागण्यावर अवलंबून आहे.

दुकान का बसले, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. नव्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर, दुकानदाराला सुटणारे पैसे नेहमीच तुटपुंजे असतात, आणि हल्ली मुले दुकानात येऊन कंट्रोलर हातात घेऊन पाहतात व खरेदी मोबाइलवरून करतात. त्याहून मोठा घाव मात्र गेमच्या डिस्कवर बसला. 2 फेब्रुवारी 2021 रोजी सोनीचा प्लेस्टेशन 5 हा कन्सोल भारतात आला, तो दोन रूपांत: डिस्क चालणारा 49,990 रुपयांना आणि डिस्कची खाचच नसलेला, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, 39,990 रुपयांना. ज्याने दहा हजार वाचवून दुसरा घेतला, तो गिऱ्हाईक म्हणून डिस्कच्या दुकानाला कायमचा तुटला. तो डिस्क घेणार नाही, आणि खेळून झालेली डिस्क परत विकायलाही येणार नाही.

माझ्या मते या "परत विकायला येणे" यातच दुकानाचा जीव होता. समजा, नवा गेम मी साडेचार हजारांना घेतला, महिन्याभरात संपवला आणि दादांनी तो पंचवीसशेला परत घेतला, तर मला तो खेळ दोन हजारांत पडला. दादा तोच तीन हजार दोनशेला विकतात. तिसऱ्या माणसालाही तो नव्यापेक्षा स्वस्तात मिळतो, आणि नव्या खोक्यावर जे कधीच सुटत नाही ते त्या जुन्या खोक्यावर सुटते. शिवाय पंचवीसशे रोख न नेता मी त्यातून दुसरा गेम घेतो, म्हणजे पैसा दुकानातच राहतो. दोन वर्षांपूर्वी "भांडवल अडकतं" म्हणून दादांनी जुना माल घेणे थांबवले आणि त्या जागी हेडफोन व खेळण्यातल्या बाहुल्या मांडल्या. तेव्हापासून मी स्वतः वर्षातून एकदाच तिथे गेलो असेन.

याच धंद्यातल्या मोठ्या साखळ्यांची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. ब्रिटनमधली 'गेम' ही व्हिडिओ गेमच्या दुकानांची साखळी मार्च 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुरवठादारांनी हात आखडता घेतल्यामुळे 'मास इफेक्ट 3' सारखा त्या महिन्यातला सर्वांत मोठा खेळच तिच्या फळ्यांवर आला नाही, आणि पाठोपाठ 277 दुकाने एकदम बंद झाली. ती सावरली, 2019 मध्ये क्रीडासाहित्य विकणाऱ्या एका मोठ्या समूहाकडे गेली, आणि 2024 मध्ये तिने जुने खेळ परत घेणे व नेहमीच्या गिऱ्हाइकांना खरेदीवर गुण देणारी योजना ही दोन्ही बंद केली. गिऱ्हाइकाने पुन्हा पायरी चढावी यासाठी जी दोन कारणे होती, नेमकी तीच काढून टाकली. अमेरिकेतल्या 'गेमस्टॉप' या अशाच साखळीची कथा शेअर बाजारामुळे सर्वांना ठाऊक आहे. 28 जानेवारी 2021 रोजी तिचा शेअर 483 डॉलरपर्यंत चढला, पुढच्या वर्षी तिने एनएफटी म्हणजे मालकी दाखवणाऱ्या डिजिटल टोकनांचा ऑनलाइन बाजार मांडला आणि 2024 च्या आरंभी तो गुंडाळला. भांडवल आले, म्हणून गिऱ्हाईक काउंटरवर येतेच असे नाही.

उलट उदाहरण पुस्तकांचे आहे. 'वॉटरस्टोन्स' ही ब्रिटिश साखळी बुडायच्या बेतात असताना 2011 मध्ये जेम्स डॉन्ट तिचे प्रमुख झाले. प्रकाशकांकडून पैसे घेऊन दर्शनी जागा देण्याची प्रथा त्यांनी बंद केली आणि काय मांडायचे हे त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवले. साखळी सावरली. दादांकडे असा जाणता माणूस आधीपासूनच आहे, तो म्हणजे ते स्वतः. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ते गोल फिरवतात; कडेला समांतर जाणारा ओरखडा दिसला की खाली ठेवतात, मधून बाहेर गेलेला असेल तर चालेल म्हणतात, आणि मग खोक्यावर पेन्सिलीने किंमत लिहितात. कंट्रोलरची काडी अंगठ्याने हळूच सोडून पडद्यावरचा खेळाडू आपोआप सरकतो का, हे पाहतात. हे ज्ञान कुठल्याही ॲपवर मिळत नाही, आणि त्याचे पैसे दादांनी संकोच न करता घ्यावेत: दुरुस्ती, सफाई आणि जुन्या मालावर महिन्याभराची हमी.

एका मित्राने पूर्वीच्या व्हिडिओ कॅसेट लायब्ररीसारखी वर्गणी सुरू करण्याचे सुचवले. कल्पना मलाही आवडली होती, पण आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्राम व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क हक्कधारकाकडे राखलेला आहे. परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊ नये. विकून परत घेणे हाच सरळ मार्ग आहे.

आणखी एक काम फक्त दुकानच करू शकते. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. तो ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळे मानतो, तरी कित्येक आईवडिलांच्या मनात सगळे गेम म्हणजे जुगारच आहेत. खोक्यावर छापलेला 3, 7, 12, 16, 18 हा वयाचा आकडा दाखवून "ताई, हा तुमच्या नववीतल्या मुलासाठी नाही, हा घ्या," असे सांगणारा माणूस समोर असला, तर ती आई पुढच्या वाढदिवसालाही तिथेच येईल.

दादा, गाळा देऊ नका. दर्शनी फळीवरचे हेडफोन मागे न्या आणि तिथे जुन्या डिस्क लावा. भांडवलाच्या अडचणीवर माझ्यापुरते उत्तर असे, की माझ्याकडच्या अकरा डिस्क मी शनिवारी घेऊन येतो. रोख देऊ नका, माझ्या नावावर वहीत जमा करा आणि माल विकला गेला की त्यातून मला गेम द्या. नौपाडा, पाचपाखाडी, कोपरीकडच्या ज्या मित्रांच्या कपाटात अशा डिस्क धूळ खात पडल्या आहेत, त्यांनी याच अटीवर यायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी सहाला दुकानापाशी भेटावे.