साडी नेसून समुद्रात गेलेल्या बायका

दुपारपासून डोकं तापलंय. कामात लक्ष लागेना, म्हणून शेवटी लिहायला बसले.

एका ग्रुपवर रील आलं. कुठला तरी समुद्रकिनारा. पाच-सहा बायका, साठीच्या आसपासच्या, साड्या नेसलेल्या, लाटेत बसल्यात. एकमेकींचे हात घट्ट धरलेत आणि लाट आली की ओरडतायत. वर कुणीतरी लिहिलंय, 'गावाकडचं टोळकं बीचवर.' खाली आपल्याच ओळखीच्या लोकांच्या हसणाऱ्या स्माइलींची रांग. एकीनं तर लिहिलं, 'अशा लोकांमुळेच बीचवर जावंसं वाटत नाही.' शिकलेली बाई आहे, नोकरी करते. सोलापूरचीच. तिच्याही घरी माझ्यासारखंच चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं.

त्या रीलमध्ये मला माझी अम्मा दिसली. अम्मा नव्हती, पण तशीच बसलेली होती एक जण.

गेल्या डिसेंबरात मी अम्माला विशाखापट्टणमला नेलं होतं. वय 67. अकराव्या वर्षापासून विड्या वळल्या तिनं. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, मांडीवर सूप, दिवसाला हजार विड्या. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं त्या सुपातून निघाली. एवढ्या आयुष्यात तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनीचं, तेही एसटीच्या खिडकीतून. समुद्र बघायचा म्हटल्यावर घरात सगळ्यांचं एकच, या वयात समुद्र कशाला, त्यापेक्षा तिरुपतीला ने. मी म्हटलं, तिरुपतीला ती दोनदा जाऊन आली. समुद्राला एकदाही नाही.

आपल्याकडून वायझॅग, म्हणजे विशाखापट्टणम, किती सोपं आहे हे पुष्कळांना माहीत नाही. सगळे गोव्याचं बघतात. रात्री सोलापूरला कोणार्क एक्सप्रेसमध्ये बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथं. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी असली की वाटेत कशाची गरज नाही. राजमुंद्रीला गाडी गोदावरीच्या पुलावर आली तशी अम्मानं पदराची गाठ सोडून पाच रुपयांचं नाणं काढलं, हात जोडले आणि खिडकीतून नदीत टाकलं. नाशिकची गोदावरी ती हीच, असं मी सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. इतकी मोठी?

आणि मग दुसऱ्या दिवशी पहाटे आरके बीच, म्हणजे शहरातलाच रामकृष्ण बीच.

पूर्वेचा किनारा आहे, सूर्य समुद्रातूनच वर येतो. अंधार होता तेव्हा नुसता आवाज येत होता. अम्मा म्हणाली, एवढ्या पहाटे कुठली फॅक्टरी चालू आहे? मग उजाडलं. ती काहीच बोलली नाही. चपला काढून हातात घेतल्या, देवळात जाताना काढतो तशा, आणि चालत सुटली. घोट्यापर्यंत पाणी आलं तशी थांबली. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते ना, ते तिला माहीत नव्हतं. 'अगं, जमीन सरकतेय!' म्हणत माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. आणि मग ती हसायला लागली. तिला असं हसताना मी याआधी कधी पाहिलं होतं, मला आठवत नाही. बाबा असतानाही नाही.

मग ती खाली बसली. साडीसकट. तशाच बसल्या होत्या त्या रीलमधल्या बायका.

आता म्हणणारे म्हणतील, धोका असतो. असतो, मान्य. आरके बीचवर तर फारच, पाणी एकदम खोल होतं, ओढ जबरदस्त असते, माणसं गेलीत तिथं. भिजलेली साडी जड होते हेही खरं. म्हणून आम्ही काठावरच बसलो. कचऱ्याचंही खरं आहे, चिप्सची पाकिटं वाळूत टाकणारे आपलेच लोक मी डोळ्यांनी पाहिले. पण त्या रीलमध्ये कुणी कचरा टाकत नव्हतं, कुणी बुडत नव्हतं. त्यात हसण्यासारखी गोष्ट एकच होती, साडी.

काय घालायचं होतं हो त्यांनी? सांगा ना. जिनं जन्मभर साडीतच स्वयंपाक केला, साडीतच बाळंतपणं काढली, साडीतच कारखान्याच्या दारात विड्या मोजून घ्यायला उभी राहिली, तिनं समुद्रासाठी वेगळे कपडे शिवायचे? आणि परक्या बायकांचं न विचारता शूटिंग करायचं, भिजलेल्या बायकांचं, ते टाकायचं, आणि गावठी कोण, तर त्या. लाज वाटायला हवी कुणाला?

जाऊ दे. चिडून लिहिलं की सगळंच तिखट होतं.

दुसऱ्या दिवशी ऋषिकोंड्याला गेलो. 2020 साली देशातल्या ज्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्यातला हा एक. छान आहे, मागं टेकड्या, पुढं पाणी. पण अम्माला आरके बीचच आवडला, कारण तिथं माणसं आहेत. आणि पाणबुडी आहे. खरोखरची, आयएनएस कुरसुरा. 1969 ला नौदलात आली, 2001 ला निवृत्त झाली, आणि पुढच्या वर्षीपासून वाळूवरच संग्रहालय करून ठेवलीय. आत जाता येतं. अम्मा वाकून वाकून त्या गोल दारांतून गेली, एकावर एक लावलेले बिछाने बघितले आणि म्हणाली, 'आपली साखर पेठेतली खोली अशीच होती की गं.' होतीच. सहा माणसं आणि तंबाखूची पोती.

बाहेर मक्याची कणसं भाजणारी बाई होती. अम्मा तिच्याशी तेलुगूत बोलली. आमची सोलापुरी तेलुगू, निम्मी मराठी मिसळलेली. बाईनं विचारलं, 'मीदी ए ऊरू?' म्हणजे गाव कुठलं. अम्मा म्हणाली, सोलापूर. आमचे आजोबा-पणजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले, तेलंगणालाही समुद्र नाही. म्हणजे आमच्या कित्येक पिढ्यांत हे खारं पाणी बघणारी बहुतेक अम्माच पहिली. हे त्या कणीसवालीला सांगितलं तर तिनं लिंबू जरा जास्त चोळून दिलं. ती हसली नाही हो. तिच्यासमोर रोज साडी नेसून माणसं समुद्रात जातात.

आणखी एक सांगते. पाण्यातून उठल्यावर अम्मानं दोन्ही हात नाकाशी नेले. मग माझ्या नाकाशी धरले. 'बघ, तंबाखूचा वास गेला का?' गेला नव्हता. मी म्हटलं, गेला.

घरी आल्यावर ती साडी धुताना फॉलमधून वाळू निघाली, मूठभर. ती तिनं फेकू दिली नाही. हळदीच्या रिकाम्या डबीत भरून देवाजवळ ठेवलीय.

आज संध्याकाळी ते रील मी तिला दाखवलं. दाखवायला नको होतं, पण रागाच्या भरात दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, बघत राहिली. मग म्हणाली, 'कुठल्या गं या? कधी गेल्या? बघ बघ, त्या मधलीची वाळू सरकली.' आणि हसली, तशीच. म्हणाली, परत लाव. मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा खालून कुणीतरी पाणी सुटल्याची हाक दिली, तशी फोन माझ्या हातात देऊन घागर घ्यायला उठली.