उसन्या तीन काड्या

गेल्या रविवारी पहाटे पाच वाजता हरिश्चंद्रगडावरच्या एका गुहेत एका अनोळखी गृहस्थांनी मला काडेपेटीतली एक काडी दिली. एकच. तीही अशी चिमटीत धरून, जणू वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा माझ्या नावावर करतायत.

एका काडीची किंमत चार पैसे. मी हिशोब केलाय. २०२१च्या डिसेंबरात काडेपेटी एक रुपयाची दोन रुपये झाली, तब्बल चौदा वर्षांनी, आणि भाववाढीची लाज म्हणून आतल्या काड्या छत्तीसच्या पन्नास केल्या. दोन रुपयांत पन्नास. म्हणजे त्या गृहस्थांचे मी आजमितीला बारा पैसे देणं लागतो. चैन पडत नाही ती त्यामुळे.

झालं ते थोडक्यात असं. आम्ही तिघे शनिवारी पाचनईहून चढलो, आयुष्यात पहिल्यांदाच पाऊस पडतोय अशा थाटात तो आमच्यावर पडला, आणि रात्री गुहेत पथाऱ्या टाकल्या. पहाटे डॉक्टर म्हणाला, चहा. शेकोटीचा प्रश्न नव्हता; जंगल वनखात्याचं आणि लाकडं पिळून वाळत घालावीत अशी. पण आमच्याकडे छोटा गॅसचा स्टोव्ह होता. त्याचं पेटवायचं बटण आदल्या संध्याकाळीच सर्दावून नुसतं टक्-टक् करत बसलं होतं. म्हणून काडेपेटी. आणि काडेपेटीची जबाबदारी माझी, कारण मागच्या ट्रेकला साखर माझ्याकडे होती आणि तिचं काय झालं ते इथे सांगत नाही.

मी निष्काळजीपणा केला असं कोणी म्हणू नये. काडेपेटी वर्तमानपत्रात गुंडाळली होती, ती दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, वर रबरबँड, ते सगळं चेनच्या पिशवीत, आणि ती सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. आमच्या घरात सोनंसुद्धा एवढं बंदोबस्तात नाही. सोनं नाहीच म्हणा.

पहिली काडी ओढली. गुल पट्टीवर लिपस्टिकसारखं फासलं गेलं. दुसरीचं गुल उडून बँकवाल्या मित्राच्या झोपायच्या पिशवीत गेलं. पाचव्या-सहाव्या काडीला पट्टीवरचा तपकिरी थरच सोलून निघाला, खाली पुठ्ठा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाला, काडी केसांत घासली की ओल जाते. माझ्या डोक्यावर त्यासाठी लागणारा कच्चा माल गेली दहा वर्षं नाही. म्हणून मी त्याच्या डोक्यावर घासली. त्याचे केस ओले होते. म्हणजे होती-नव्हती ती कसरही भरून निघाली.

याच सुमारास कोपऱ्यातली एक निळी ताडपत्री हलली आणि आतून आवाज आला, “अहो, ती पेटायची नाही.”

ताडपत्रीतून प्रथम माकडटोपी आली, मग चष्मा, मग साधारण सत्तरीचे गृहस्थ. ते रात्रभर तिथे होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. माकडटोपी सरळ करत ते उकिडवे बसले आणि माझ्या हातातली काडेपेटी त्यांनी मयताची नाडी पाहावी तशी पाहिली.

“कुठे ठेवली होतीत?”

मी बंदोबस्ताची सगळी हकीकत सांगितली, काहीशा अभिमानाने.

“रात्री उघडली होतीत?”

“एकदाच. मेणबत्ती लावायला.”

“हात ओले?”

गुहेत शांतता. बाहेर धो-धो.

“म्हणजे ओल आत घातलीत आणि वरून गाठ मारलीत,” ते म्हणाले. “पिशवीला काय कळतंय? ती बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसं आतलं बाहेर जाऊ देत नाही. रात्रभर वाफवल्यात तुम्ही काड्या. मोदकासारख्या.”

डॉक्टर हसला. मित्र कोणाला म्हणायचं हे अशा वेळी कळतं.

“आणि एक लक्षात घ्या,” त्यांना आता सूर लागला होता. “आम्ही अंबरनाथचे. विम्को नाक्यापासून दहा मिनिटांवर घर. काड्यांच्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घड्याळाचे काटे लागायचे. काडी कशाने पेटते, सांगा.”

मी म्हटलं, “घासल्याने.”

“कशावर?”

पहाटे पाचला, उपाशीपोटी, हेडटॉर्च डोळ्यांवर घेऊन मी तोंडी परीक्षा देत होतो. शेवटची दिली तेव्हाही नापासच झालो होतो, पण तिथे निदान वर पंखा होता.

“गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक,” त्यांनीच उत्तर दिलं. “तांबडा फॉस्फरस पट्टीवर, काचेच्या भुकटीबरोबर. दोघं भेटल्याशिवाय आग नाही, म्हणून तर ती सेफ्टी काडी. लोक काड्या जपतात आणि पट्टीला विसरतात. काडी वाळवता येते हो. तव्यावर नाही, उन्हात, सावकाश. पण पट्टी एकदा भिजून सोलवटली की शंभर कोरड्या काड्या घेऊन बसा, आरतीला टाळ्याच वाजवाल.”

हे सांगून त्यांनी पोटाशी हात घातला आणि कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी काढली, करड्या झाकणाची. तसल्या डब्या माझ्या लहानपणी दर घरात हळद-कुंकवाला असायच्या. रोल गेले, डब्या गेल्या; यांनी एक जपली होती. झाकण ‘फट्’ करून उघडलं. तळाला कापूस. त्यावर पंधरा-वीस काड्या, सगळ्यांची डोकी एका दिशेला, प्रत्येक गुलावर मेणबत्तीच्या मेणाचा पातळ थर. पट्टी डबीत नव्हती. ती शर्टाच्या दुसऱ्या खिशातल्या छोट्या पिशवीत होती.

“पट्टी वेगळी, काड्या वेगळ्या,” ते म्हणाले. “एकत्र ठेवल्या आणि चालताना घासल्या तर खिशात दिवाळी. नवरा-नवरीसुद्धा मुहूर्त येईपर्यंत अंतरपाटाआड असतात.”

हे वाक्य त्यांनी आधीही बऱ्याच गुहांत टाकलेलं असणार. जागा घेऊन थांबले होते.

मग ती एक काडी. मी ओढली. घसरली. पुन्हा ओढली. पुन्हा घसरली.

“मेण कोण खरवडणार? मी?”

मी नखाने मेण खरवडलं आणि उत्साहात गुलही. पहिली काडी बाद. दुसरी देताना ते ‘दोन’ असं मोठ्याने म्हणाले. दुसरी पेटली! सुरेख, पिवळी, गंधकाच्या वासाची. मी ती हर्षभराने डॉक्टरला दाखवायला वळवली आणि गुहेच्या तोंडातून आलेल्या वाऱ्याने तिच्यावर फुंकर घातली.

“तीन,” गृहस्थ म्हणाले. “शेवटची. माझा नियम आहे.”

तिसरी काडी मी शस्त्रक्रियेसारखी हाताळली. मेण हलक्या हाताने काढलं, काडी गुलाजवळ धरली, बँकवाल्याला वाऱ्याच्या बाजूला आडवा उभा केला, ओढली, पेटली, ओंजळीत धरून स्टोव्हपर्यंत नेली. स्टोव्ह पेटेना. ज्योत काडीभर चालत माझ्या बोटापर्यंत आली. मी ओरडलो. काडी पडली.

“गॅस चालू करायचा असतो,” गृहस्थ म्हणाले.

डबी ‘फट्’ करून बंद. पोटाशी परत. आणि मग त्या माणसाने ताडपत्रीखालून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला, आल्याचा वास आमच्यावर सोडला, आणि बाहेरचं धुकं बघत घोट-घोट प्यायला. त्यांच्याकडे चहा होता. म्हणजे काड्या त्यांना लागणारच नव्हत्या.

इथे मला खरंच राग आलाय. माझी आजी कोकणातली. पावसाळ्यात काडेपेटी चुलीवरच्या फळीवर, धुराच्या उबेत असायची, आणि रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचे. सकाळी तो विझलेला निघाला तर शेजारी जायचं, गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागून आणायचा. शेजारणीशी भांडण असलं तरी. विस्तव देताना शेजारीण एवढंच विचारायची, “पाऊस थांबेल का गं आज?” निखारा कसा पुरावा यावर कोणी व्याख्यान देत नसे. आता माहिती भरपूर झाली आणि विस्तव मोजून मिळायला लागला.

बरं, माहिती चुकीची असती तर एक वेळ पचवलं असतं. एकूण एक शब्द बरोबर होता. ते जास्त झोंबतं. सकाळी केदारेश्वराच्या गुहेत गेलो. तिथे लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उभा आहे, बाकी मोडलेले. डॉक्टर पाण्याकडे बघत म्हणाला, “चारातला एक तरी टिकला. तुझ्या पन्नासातली?” सात वाजता ताडपत्रीच्या हॉटेलातले मामा उठले, त्यांनी टोपीखालून काडेपेटी काढली, एका काडीत स्टोव्ह पेटवला. मी त्यांच्या टोपीकडे बघतच राहिलो. पोरका माणूस बघतो तसा.

निघताना गृहस्थांनी माझा नंबर घेतला. का दिला, मला माहीत नाही. आता रोज सकाळी सहा वाजता समईच्या फोटोसकट ‘शुभ प्रभात’ येतं. ज्योत स्थिर, तेल भरपूर. मंगळवारी खाली एक ओळ होती: ‘मेणाला पर्याय म्हणून पारदर्शक नेलपॉलिशही चालतं.’ मी करून बघितलं. काड्या वाळत घालायला कपडे वाळवायचे चिमटे वापरले, अठरा काड्या झाल्या, बाटली संपली. बायकोने फक्त विचारलं, “कोणाची होती ती?” ती आमच्या मुलीची होती. हे प्रकरण वेगळं आणि अजून मिटलेलं नाही.

बुधवारची ओळ: ‘उसन्या तीन काड्या स्मरणात असाव्यात. (गंमत!)’

त्या उद्गारचिन्हाने माझं डोकं फिरलं. काल वाण्याकडून काडेपेट्यांचा आख्खा पुडा घेतला, दहाचा. पाचशे काड्या. घ्या म्हटलं, व्याजासकट. खोक्यात घातला, पट्टी लावली, अंबरनाथचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला आणि कोपऱ्यावरच्या कुरिअरच्या टपरीत गेलो. बाहेर पाऊस, टपरी गळत होती, खोकं एका बाजूने थोडं भिजलं होतं.

“आत काय आहे?” काउंटरवरच्या पोराने विचारलं.

“काडेपेट्या.”

त्याने खोकं झुरळ हातात आल्यासारखं माझ्याकडे ढकललं. “साहेब, ज्वालाग्राही चालत नाही. वाटेत पेट घेतला म्हणजे?”

“नाही घेत रे,” मी म्हटलं. “माझ्या हातच्या आहेत.”