पाण्याची पाटी काढा, विंगचा आकडा लावा

लिफ्टमध्ये 'पाणी हेच जीवन'ची पाटी लावून कुठल्याच सोसायटीचे टँकर कमी झालेले नाहीत. उन्हाळा आला की ग्रुपवर 'कृपया पाणी जपून वापरा' असा मेसेज पडतो. तो वाचणाऱ्या प्रत्येकाला मनापासून वाटतं की आपण जपूनच वापरतो, नासाडी करतात ते दुसरे. त्याला चूक ठरवायला कोणाकडे आकडाच नसतो. लोक बेफिकीर आहेत असं मला वाटत नाही. आपण किती वापरतो आणि शेजारी किती वापरतो, हे त्यांना कधी दिसतच नाही.

2007 च्या दुष्काळात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कॉब काउंटीत, लाखाहून अधिक घरांवर याचा प्रयोग झाला. काही घरांना फक्त बचतीच्या युक्त्यांचा कागद गेला, काहींना त्यासोबत आवाहनाचं पत्र, तर काहींना शिवाय 'तुमचा वापर इतका, शेजाऱ्यांचा इतका' ही तुलना. नुसत्या युक्त्यांनी जवळजवळ काहीच फरक पडला नाही. तुलना मिळालेल्या घरांचा वापर पाचेक टक्क्यांनी उतरला. कोस्टा रिकातल्या बेलेन गावात पाण्याच्या बिलावर तुलनेचं स्टिकर लावलं, तिथेही साधारण एवढीच घट आली. पाच टक्के कमी वाटतात, पण ते एका कागदाच्या खर्चात मिळालेले आहेत.

आपल्याकडे अडचण येते ती मीटरची. जुन्या इमारतीत एका फ्लॅटला पाण्याच्या तीन-चार वेगवेगळ्या लाइन येतात: संडास-बाथरूमच्या डक्टमधून वेगळ्या, किचनची वेगळी. प्रत्येक लाइनला मीटर लावायचं म्हटलं की कोटेशन बघूनच सभा गुंडाळली जाते. म्हणून फ्लॅटचा नाद सोडा आणि विंगपासून सुरुवात करा. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाच्या लाइनवर विंगमागे एक मीटर बसवा. टाकीतून खाली उतरणाऱ्या लाइनवर बसवू नका. तिथे दाब मुळातच कमी असतो, मीटरने तो आणखी पडतो आणि वरच्या मजल्यावरून तक्रारी सुरू होतात. मल्टिजेट मीटर (आतल्या चक्रीवर अनेक बाजूंनी पाणी आदळवून मोजणारा) असेल तर तो आडवा आणि डायल वर येईल असाच बसवावा. त्याच्या आधी गाळणी लागते आणि ती वेळच्या वेळी साफ करावी लागते, नाहीतर कचरा अडकून मीटर चुकीचा आकडा दाखवतो.

रीडिंग आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी, टाकी भरून पंप बंद झाल्यावर घ्या. रोजचे आकडे टाकीच्या पातळीप्रमाणे वरखाली होतात आणि मग त्यावर कोणाचा विश्वास राहत नाही. हिशोब सोपा आहे. 100 माणसांच्या विंगने आठवड्यात 98 घनमीटर, म्हणजे 98,000 लिटर वापरलं, तर माणशी दिवसाला 140 लिटर झालं. केंद्राच्या मानकात शहरी घरासाठी 135 लिटर धरलेत. त्यातले 55 अंघोळीचे, 30 फ्लशचे, 20 कपड्यांचे, भांडी आणि फरशीचे प्रत्येकी 10, स्वयंपाक आणि पिण्याचे 5-5. पाहुण्याला अर्धाच ग्लास द्या, हा आग्रह म्हणूनच मला फारसा पटत नाही. खरं पाणी अंघोळीत आणि फ्लशमध्ये जातं.

माणशी रोजच्या लिटरचा हा आकडा नोटीस बोर्डावर असा लिहा: 'मागचा आठवडा. ए विंग 141, बी विंग 128. बी विंगचं अभिनंदन.' ते अभिनंदन गाळू नका. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये विजेच्या वापरावर असाच प्रयोग झाला होता. तिथे कमी वापरणाऱ्यांना नुसती सरासरी कळवली तर त्यांचा वापर वाढला. सोबत हसरा चेहरा छापला तेव्हा ती वाढ जवळपास टळली. सुट्टीत बंद असलेली घरं माणसांच्या संख्येतून वजा करा, नाहीतर मे महिन्यात सगळेच शहाणे दिसतात. आणि कुठल्याही फ्लॅटचं नाव ग्रुपवर टाकू नका. त्याने भांडण होतं, पाणी वाचत नाही.

आकड्याखाली त्या आठवड्याचं एकच काम द्या. पहिल्या आठवड्यात फ्लशची गळती. खाण्याच्या रंगाची पुडी घरोघर वाटायची. रंग फ्लशच्या टाकीत टाकून 20 मिनिटं फ्लश करायचं नाही. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. ही गळती ऐकू येत नाही, म्हणून महिनोन् महिने चालू राहते. पुढच्या आठवड्यात दोन बटणांच्या फ्लशवर 'अर्धा' आणि 'पूर्ण' अशी स्टिकरं. कोणतं बटण कशाचं, हे कितीतरी घरांत माहीत नसतं. जुन्या 10-12 लिटरच्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवा, फ्लोटच्या दांडीला लागणार नाही अशी. वीट नको, ती विरघळते आणि व्हॉल्व्हमध्ये कण अडकतात. गच्चीवर सोलर असेल तर गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी सरळ मोरीत जातं. नळाखाली एक बादली कायमची ठेवली की ते फरशीला येतं.

एरेटरच्या, म्हणजे नळाच्या तोंडाला बसवून धार कमी करणाऱ्या जाळीच्या, बाबतीत 'ज्यांना हवेत त्यांनी नावं द्या' असं विचारू नका. सोसायटीने एकदम विकत घ्यावेत, प्लंबर सगळीकडे बसवेल, ज्याला नको त्याने कळवावं. एवढ्या उलट क्रमानेच बरीच जास्त घरं तयार होतात. फक्त जागा नीट निवडा. वॉश बेसिनला मिनिटाला 3 लिटरचा चालतो, सिंकला 5-6 चा, कारण त्याहून कमी धारेखाली पातेलं भरताना माणूस वैतागतो आणि एरेटर काढून फेकतो. बादलीच्या नळाला लावून उपयोग नाही. बादली तेवढीच भरते, वेळ मात्र जास्त जातो. गॅस गीझरच्या लाइनवरही नको, धार कमी पडली की गीझर पेटत नाही. बोअरचं पाणी असेल तर जाळीवर क्षार बसतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली की सुटतात.

सुरुवात जानेवारीत करा. पहिले चार आठवडे फक्त मोजा, बोर्डावर काहीच लावू नका, म्हणजे नंतरची घट कशाशी ताडायची ते हातात राहील. कॉब काउंटीत एकदाच पाठवलेल्या पत्राचा परिणाम पुढे ओसरत गेला, तेव्हा आकडा दर आठवड्याला बदलता हवा. सेक्रेटरी बदलला की रीडिंग थांबतं, हे सर्रास होतं. म्हणून ते काम पदाधिकाऱ्याच्या उत्साहावर न सोडता वॉचमनच्या ड्यूटी रजिस्टरमध्ये, पंप बंद करण्याच्या नोंदीशेजारीच, एक रकाना आखून टाका.