नवतपा तापला नाही म्हणे!

आज सकाळी दूध आणायला निघाले, तर गेटपाशीच शेजारच्या भाऊजींनी अडवलं. नवतपा म्हणजे मेअखेरीचे, सगळ्यात जास्त तापणारे मानले जाणारे नऊ दिवस. त्यातच रात्री पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर कडुलिंबाचा पाला, हवा गार. भाऊजींच्या चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्याचा आनंद. "काय मॅडम, नवतपा तं तापलाच नाही बाप्पा! कुठं गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?"

"तुमचं" ग्लोबल वॉर्मिंग. जसं काही मी माहेरून रुखवतात आणलं होतं.

तेव्हा हसून सोडून दिलं. घरी येऊन चहा टाकला आणि मग चिडले. उशिरा चिडायची माझी जुनी खोड आहे. २६ वर्षं भूगोल शिकवला मी. "हवा व हवामान यांतील फरक स्पष्ट करा" हा प्रश्न पोरं डोळे मिटून सोडवायची. हवा म्हणजे आज, आत्ता, इथे काय चाललंय ते. हवामान म्हणजे त्या हवेचा वर्षानुवर्षांचा हिशेब, तोही साधारण ३० वर्षांचा. घरात कूलर आहे, हे नागपूरचं हवामान. आज त्याचा पंप लावला नाही, ही हवा. पण बोलताना आपण दोन्हीला हवामानच म्हणतो, आणि रोज सकाळी हवा सांगणाऱ्या खात्याचं नावही हवामान खातं. मग काय, एका रात्रीच्या पावसात ३० वर्षं वाहून जातात.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या घरात गेलं. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर बादल्या नेऊन पाणी शिंपडायचं काम आम्हा भावंडांकडे. तापलेल्या फरशीतून वाफ निघायची, तो वास अजून नाकात आहे. मग गाद्या, सुरई, आणि आजी. दिवसभर कितीही तापलेलं असो, पहाटे चारच्या सुमारास अशी गार झुळूक यायची की आजी उठून सगळ्यांवर गोधडी टाकायची. मे महिन्यात. नागपुरात. गोधडी!

भाऊजींचं दुसरं लाडकं वाक्य, "नागपूर तं पह्यलेपासूनच तापते." तापतं ना, कोण नाही म्हणतं? ४७ ऐकून आपल्याला छाती फुगवायची सवयच आहे. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला तेव्हा लोक एकमेकांचं अभिनंदन करायचे बाकी होते. आणि २९ डिसेंबर २०१८ ला तोच पारा ३.५ वर उतरला, हेही खरं. हे दोन्ही एकेका दिवसाचे आकडे. हवा. मला विचाराल तर दिवसाच्या आकड्यापेक्षा रात्रीचा आकडा बघा, जो पेपरात कोपऱ्यात बारीक छापतात.

जमीन दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती उष्णता वर सोडते. वाटेत कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प तिला अडवतात. थोडी अडवलेली बरी, नाहीतर पृथ्वी गोठली असती. पण कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर गेलेत. म्हणजे आजीने टाकलेल्या गोधडीवर आपण आणखी एक टाकली, आणि ही सकाळी घडी करून ठेवता येत नाही.

बरं, गच्ची तापण्यात सिमेंटचाही हात आहे. झाडं तोडली, रस्ते सिमेंटचे केले, ते रात्रभर भट्टीसारखे धगधगतात. कबूल. आणि माझी गोधडीची आठवण हासुद्धा पुरावा नाही, हे भूगोलाच्या बाईंना कळतं. लहानपणी सगळंच गार आणि गोड असतं. पण म्हणून ३० वर्षांचे हिशेब खोटे ठरत नाहीत.

आणि हेच भाऊजी बरं का! मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका हवामान केंद्रावर तापमान ५६ दाखवलं, तेव्हा मला पहिला फॉरवर्ड यांचा. "मॅडम, ५६! आता जळतो आपण!" पुढे खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. तो खुलासा मात्र यांनी कुणालाच पाठवला नाही. बिघडलेल्या यंत्रावर विश्वास, आणि चांगल्या यंत्रांनी जगभर मोजलेल्या आकड्यांना "तुमचं"?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरलात का सगळे? काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदी लोकांच्या बैठकीत शिरली. माझ्या मैत्रिणीचा फ्रिज स्वयंपाकघरात तरंगत होता. ती ओट्यावर बसून मला फोन करत होती आणि तिचे दात वाजत होते. एका पावसावर हवामानबदलाचं लेबल चिकटवू नये, हे मीच वर्गात सांगायचे. नाले आवळले, त्याचा दोष आकाशाला देऊ नये, तेही खरं. पण हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प कुठेतरी, कुणाच्या तरी फ्रिजवर कोसळणारच ना?

लिहिता लिहिता आवाज चढला. यांनी आतून विचारलं, "कोणाशी भांडते आहेस?"

खरं सांगू? भाऊजींवर राग नाही. माझ्याही बेडरूममध्ये एसी आहे, आणि तो चालतो तेव्हा कोराडीच्या नाहीतर खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा जळत असणार. आज तर कूलरही कामाचा नाही. कूलर चालतो कोरड्या हवेवर, आणि पावसाने हवा ओली झाली की तो नुसता चिकटपणा फेकतो. नवतपा न तापण्याचा हा फायदा!

काल रात्री पाऊस येण्याआधी, साडेअकराला, उगाच बादली घेऊन गच्चीवर गेले. पाणी शिंपडलं. वाफ तशीच निघाली, वासही तोच. दहा मिनिटं बसले. खालून स्लॅब पोळत होता आणि शेजारच्या तीन एसींचे डबे आमच्याकडे तोंड करून गरम वारा सोडत होते. त्यातला एक भाऊजींचा. आजी असती तर तिने त्यांना चार शब्द सुनावले असते आणि मग पन्हं पाजलं असतं.

आत्ताच बेल वाजली. भाऊजींच्या नातीच्या हाती कैरीच्या पन्ह्याचा तांब्या आला. घेतला. पोस्ट मात्र डिलीट करणार नाही.