दलाल म्हणा, पण अर्धवट बोलू नका

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया सगळ्यांनी वाचली नसेल, म्हणून तिचं सार आधी देतो. ॲबा या स्वीडिश पॉप गटाचा व्यवस्थापक स्टिग अँडरसन याच्यावर मी लिहिलेला 'गाण्याचा सातबारा' हा लेख तुम्हाला 'दलालाची आरती' वाटला. आवाज गटातल्या दोघी बायांचा, चाली गटातल्याच बेनी आणि ब्यॉर्नच्या, यानं फक्त पैसा मोजला अन् तोही शेवटी कलाकारांना पुरता दिला नाही, असं तुमचं म्हणणं. वर सवाल, की गडचिरोलीतल्या वडशाच्या बाजूचा माणूस झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या रंगभूमीचे, कलावंत सोडून या गोऱ्याचं कौतुक काहून करते?

पैशाचा आरोप खोटा नाही. रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या कमाईतला वाटा, कमी मिळाली म्हणून गटातल्याच काहींनी त्याच्याविरुद्ध कोर्टाची वाट धरली आणि प्रकरण बाहेरच मिटलं. इतक्या वर्षांची मैत्री त्यात गेली. पण 'फक्त पैसा मोजला' हे मला पटत नाही.

हा माणूस होवा नावाच्या गावात गरिबीत वाढला, पुढे शाळामास्तर झाला आणि व्यवस्थापक होण्याच्या कितीतरी आधीपासून गाणी लिहीत होता. १९६३ मध्ये त्यानं पोलर म्युझिक ही रेकॉर्ड कंपनी काढली. ॲबाच्या सुरुवातीच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांवर गीतकार म्हणून त्याचंही नाव आहे. १९७७ नंतर ते काम ब्यॉर्नकडे गेलं. १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये युरोव्हिजन ही युरोपभरच्या देशांची गाण्यांची स्पर्धा जिंकणारं 'वॉटर्लू' घ्या. चाल तयार होती, पण तिला नाव असं शोधायचं होतं की स्वीडनपासून इटलीपर्यंत कोणालाही पहिल्याच ऐकण्यात कळावं. वॉटर्लू, म्हणजे नेपोलियन हरला ती लढाई, तिकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हे डोकं कवीचं की व्यापाऱ्याचं? मला तरी त्यात फट दिसत नाही. आणि जिथं आपलं इंग्रजी तोकडं पडतं असं वाटलं, तिथं 'रिंग रिंग' या गाण्यासाठी त्यानं नील सेडाका या अमेरिकन गीतकाराकडून शब्द घेतले. (गटाच्या लांबलचक नावाला कंटाळून तो 'ॲबा' म्हणू लागला. त्या नावाचा मासळीचे डबे विकणारा कारखाना आधीच होता, त्याचीही परवानगी घ्यावी लागली. हे मला फार आवडते.)

आता तुम्ही ज्याला दलाली म्हणता ते. सगळ्या जगाचे हक्क एकाच मोठ्या कंपनीच्या पदरात टाकून मोकळं होणं सोपं होतं. त्यानं तसं केलं नाही. देशागणिक वेगळा करार केला: ब्रिटनमध्ये एपिक, अमेरिकेत अटलांटिक, ऑस्ट्रेलियात आरसीए. रेकॉर्डिंगची मालकी पोलरकडेच राहिली, परदेशी कंपन्यांना फक्त विकायचा हक्क मिळाला. ज्या देशात गाणं चाललं तिथं पुढच्या करारात भाव वाढवून मागता येत होता. स्वीडनसारख्या लहान देशातून हे जमवणं म्हणजे खायचं काम नव्हतं, बाप्पा.

त्याची खरी गोम दुसरीच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिच्यावर अक्षर नाही. व्यवस्थापक तो, कंपनीचा मालक तो, गाण्यांचा प्रकाशक तो, वरून गीतातही वाटेकरी. कलाकाराच्या बाजूनं भांडायचं ते ज्याच्याशी, तोही हाच. माणूस कितीही सरळ असला तरी अशा मांडणीत हिशेब एक दिवस बिघडतोच.

झाडीपट्टीशी संबंध काय, तर हाच. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावांत नाटकं लागतात. गावच्या मंडळानं कंपनीला रक्कम द्यायची आणि तिकिटं खपवायची जोखीम आपल्या डोक्यावर घ्यायची. कंपनीवाला, दिग्दर्शक आणि कधीकधी लेखकही एकच. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली. पण त्या रंगभूमीवर रात्रभर जी गाणी वाजतात, ती लिहिली कोणी? पाच नावं सांगा बरं. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा एकरकमी पैसे मिळतात आणि विषय संपतो. तेच गाणं पुढे रेकॉर्ड होऊन यूट्यूबवर चढलं, तरी तो विचारायला जात नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला चित्रपटातल्या वा रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही असं ठरवलं, ही गोष्ट आपल्याकडे कितीजणांपर्यंत पोचली?

त्याच्या देणगीतून निघालेल्या पोलर या संगीत पुरस्काराला तुम्ही 'स्वतःच्या नावाची पाटी' म्हटलंत. कंपनी विकल्यावर त्यानं स्वीडिश संगीत अकादमीला मोठी देणगी दिली, त्यातून तो सुरू झाला. पाटी असेलही, पण तिच्यावर कंपनीचं नाव आहे, त्याचं नाही. तो गेला १९९७ ला. पुढच्याच वर्षी रे चार्ल्स या अमेरिकन गायकासोबत आपल्या रविशंकरांना तो मिळाला.

लेखाचं शीर्षक बदलणार नाही. तुम्ही स्वतः दोन हंगाम कंपनीसोबत फिरल्याचं लिहिलंय. तुमच्याकडे गाण्यांसाठी झालेला एखादा लेखी करार असेल तर नावं झाकून पाठवा. पुढचा लेख त्याच्यावरच लिहितो. नसेल, तर तसंही कळवा.