फुकट सिनेमा आणि ‘बाहेरची पोरं’

आमच्या नागपूरच्या कॉलनीत सध्या एकच विषय आहे. मे महिन्यातल्या शनिवारी बागेत पडदा लावून सिनेमे दाखवायचे, अधूनमधून गाण्यांचा कार्यक्रम ठेवायचा, सगळं मोफत, असं काही तरुण मंडळींनी सुचवलं आणि ग्रुपवर रण माजलं. आवाज होईल, कचरा होईल, गाड्या कुठे लावतील? मग दोन दिवसांनी, हळूच: “बाहेरची पोरं येतील.” मी शिकागोत राहतो आणि इथल्या बागांमध्ये उन्हाळाभर हे चालतं, म्हणून मलाही ओढलं. “काका, तिकडे लोकांना शिस्त आहे, आपल्याकडे कसं जमून राहिलं?”

शिस्तीचं राहू द्या. इथल्या मिलेनियम पार्कमध्ये उघड्यावर मोफत मैफली होतात. तिथे मे २०२२ मध्ये १६ वर्षांच्या एका मुलाचा गोळी लागून जीव गेला. लगेच नियम आला की गुरुवार ते रविवार संध्याकाळी ६ नंतर मोठं माणूस सोबत नसेल तर अल्पवयीन मुलांना आत यायचं नाही. पोरांची भीती इथेही आहेच.

‘फुकट’ म्हणाल तर तेही खरं नाही. शिकागोत बागांचा कारभार १९३४ पासून एका स्वतंत्र संस्थेकडे आहे आणि ती घरांवर आपला वेगळा कर लावते. पडदा, माणसं, सिनेमा जाहीर दाखवायचा परवाना, या सगळ्याचे पैसे लोकांनी आधीच भरलेले असतात. नागपूरकरही मालमत्ता कर भरतो की! त्यातून बागेला काय मिळावं हे विचारायचा त्याला हक्क आहे. पण आपल्याकडे मोफत कार्यक्रम म्हटला की कोणाची तरी मेहेरबानी, असंच वाटतं.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याच्या घराची भिंत बागेला लागून आहे, त्याला त्रास होणारच. इथेही डग्लस पार्कच्या रहिवाशांनी रायट फेस्ट या संगीत महोत्सवाविरुद्ध आवाज उठवला. पण तो महोत्सव तिकिटाचा. कुंपण घालून बाग अडवायची आणि शेजारच्यांनी बाहेरून ढोल ऐकायचे, यावर राग होता. शनिवारी संध्याकाळी लागून रात्री उतरणारा एक पडदा आणि ते, यांत फरक आहे.

नागपूरला एक सोय आहे ती शिकागोला नाही. इथे जूनच्या अखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. अंधार पडेपर्यंत लहान पोरं पेंगायला लागतात, सिनेमा संपता संपता साडेदहा-अकरा. नागपुरात मे महिन्यातही सातच्या आत दिवस मावळतो. साडेसातला सिनेमा लावला तर दहाच्या आत संपतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आपोआप पाळला जातो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तेव्हा गाण्याच्या कार्यक्रमाला भिंतीएवढे डीजे आणायचे नाहीत, एवढं मात्र ठरवून घ्या. दिवसभर कूलरसमोर कोंडलेली माणसं तशीही त्या वेळी घराबाहेर पडतात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, लागला की एखादा शनिवार सोडा.

फक्त एक करा बावा, स्टेज बांधू नका. स्टेज आलं की पाहुणे आले, पाहुणे आले की शाल-श्रीफळ आणि दीपप्रज्वलन आलं, आणि सिनेमा साडेनऊला सुरू होतो. मग दहाचा नियम कोण पाळतो? नागपूरला मोठे मोफत कार्यक्रम नवे नाहीत. खासदार सांस्कृतिक महोत्सवाला ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर नामवंत कलाकार येतात, तुडुंब गर्दी होते. चांगलंच आहे. पण त्यासाठी पारडीच्या माणसाने लेकरांना घेऊन शहर ओलांडायचं आणि रात्री परतायचं. आपल्या बागेत चटई टाकून बसण्याची गोष्ट वेगळी, तिथे नामवंत कोणी नसला तरी चालतो.

आता ती पोरं. कॉलनीच्या मागे वस्ती आहे, आणि त्यांच्यातल्या कितीकांच्या आया सकाळी आपल्याकडे भांडी घासायला, पोळ्या करायला येतात. आई सकाळी घरची आणि पोरगं संध्याकाळी बाहेरचं, हे गणित मला समजत नाही. बाग सार्वजनिक आहे, सोसायटीचं टेरेस नाही. कचऱ्याचं म्हणाल तर दोन जादा डबे आणि थोडे स्वयंसेवक पुरतात. राहिला प्रश्न गाड्यांचा. वस्तीतली पोरं पायी येतील. बागेच्या गेटसमोर ज्या कार आडव्या लागतील, त्या आपल्याच असतील.