बंडीतला कापूस आणि अंगणातला कापूस : युलिमिटवरील आक्षेपांना उत्तर

नमस्कार. जिनिंगच्या संगणकावर मी युलिमिट (लिनक्समध्ये प्रोग्रामच्या मेमरी, फाइली इत्यादींच्या वापरावर मर्यादा घालणारी आज्ञा) कसे लावले, या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवलेत, त्याबद्दल आभार. आमच्या आर्वी तालुक्यात कापसाची आवक सुरू झाली की काट्यावरून उठायला सवड मिळत नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. आपले म्हणणे थोडक्यात असे : 'एकूण मेमरी दीड जीबीच्या वर जाणार नाही' हे माझे विधान चूक आहे, 'सुडो युलिमिट' (सुडो म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा प्रोग्राम) ही आज्ञा दिली तर ती सापडतच नाही, आणि सीग्रुप (चालू प्रोग्रामच्या गटावर एकत्रित मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) उपलब्ध असताना युलिमिट शिकवणे म्हणजे वाचकाला मोडक्या रस्त्याने नेणे आहे. पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत, तिसरा नाही.

चुकीपासून सुरुवात करतो. रात्री पावत्यांच्या छायाचित्रांतून मजकूर काढणाऱ्या स्क्रिप्टमुळे ४ जीबी रॅमचा संगणक इतका अडकत असे, की सकाळी पहिल्या गाडीचे वजन घेतानाही पडदा हलत नसे. म्हणून मी 'युलिमिट'चा 'व्ही' हा पर्याय १५३६००० या आकड्यासह लावला. बॅशमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलमध्ये, हा आकडा १०२४ बाइटच्या एककात मोजला जातो, म्हणजे मर्यादा १५०० एमबीची झाली. परंतु ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसची (चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची) स्वतंत्र असते. स्क्रिप्टने एकाच वेळी चार प्रोसेस सुरू केल्या, तर प्रत्येकीला आपापले १५०० एमबी मिळतात आणि बेरीज ६००० एमबीपर्यंत जाऊ शकते. एका बंडीत किती कापूस भरायचा हे ठरवून दिले, तरी अंगणात किती बंड्या येतील हे त्याने ठरत नाही. हे रोज डोळ्यांपुढे असूनही लिहिताना माझ्या लक्षात आले नाही. माझी अडचण सुटली, ती मी त्याच दिवशी स्क्रिप्टमधील समांतर कामे चारवरून एकावर आणली होती म्हणून, आणि श्रेय मात्र मी युलिमिटला देऊन बसलो.

याच पर्यायाने आपला जावाचा प्रोग्राम सुरूच होऊ दिला नाही, असेही आपण लिहिले आहे. त्याचे कारण असे, की 'व्ही' प्रत्यक्ष वापरलेली रॅम मोजत नाही, तर प्रोसेसने राखून ठेवलेले मेमरीचे पत्ते मोजतो. जावाचे आभासी यंत्र सुरू होतानाच हीपसाठी (प्रोग्रामच्या डेटासाठी) मोठी जागा राखते, शिवाय वर्गांच्या माहितीसाठी सहसा आणखी १ जीबी, आणि यातली बहुतेक जागा कधी वापरलीही जात नाही. प्रत्यक्ष रॅमवर बंधन घालणारा म्हणून 'एम' हा पर्याय यादीत दिसतो खरा, पण आजच्या लिनक्सवर तो आकडा निमूटपणे स्वीकारतो आणि पुढे काहीच करत नाही. तेव्हा मेमरीच्या एकूण बेरजेवर मर्यादा हवी असेल, तर आपण सुचवलेला सीग्रुप हाच योग्य मार्ग आहे, आणि 'सिस्टिमडी-रन' या आज्ञेला 'मेमरीमॅक्स' ही मर्यादा देऊन सीग्रुपमध्ये काम सुरू करण्याची रीत मी लेखात आता जोडली आहे.

'सुडो युलिमिट'ची गोष्ट निराळी आहे. मर्यादा हा प्रोसेसचा स्वतःचा गुण असतो. तो अपत्य प्रोसेसकडे वारशाने जातो, पण खालून वर येत नाही. युलिमिट हा वेगळा प्रोग्राम असता, तर त्याने स्वतःची मर्यादा बदलली असती आणि तो संपून गेला असता. आपला शेल होता तसाच राहिला असता. म्हणूनच ती शेलच्या पोटातली आज्ञा आहे, आणि सुडो बाहेरचे प्रोग्राम शोधत असल्यामुळे त्याला ती सहसा सापडत नाही. चालू असलेल्या प्रोसेसची मर्यादा बाहेरून बदलायची असेल, तर 'पीआरलिमिट' ही आज्ञा आहे.

आता न पटलेला भाग. एका प्रोसेसने किती फाइली उघडाव्यात, किंवा एक फाइल किती वाढू द्यावी, हे सीग्रुप पाहतच नाही. गेल्या पावसाळ्यात इंटरनेट तुटल्यावर आमच्या एका स्क्रिप्टने रात्रभर तीच चूक लॉगमध्ये लिहून डिस्क भरून टाकली होती. 'एफ' पर्यायाने २०४८०० ची मर्यादा लावली असती, तर फाइल २०० एमबीवर थांबली असती : त्यापुढे लिहू गेल्यास कर्नल (लिनक्सचा गाभा) सिग्नल पाठवतो, आणि प्रोग्रामने तो झेलला नाही तर प्रोग्राम तिथेच संपतो. शिवाय आमच्या जुन्या लिनक्स वितरणावर सीग्रुपसाठी रूटचे (प्रशासकाचे) अधिकार लागतात. युलिमिटने स्वतःवर बंधन घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

राहता राहिली आपली शेवटची तक्रार, की लॉगिनच्या फाइलमध्ये युलिमिटची ओळ घातल्यावर मर्यादा पुन्हा वाढवता येईना. कॅपिटल एस किंवा कॅपिटल एच न देता आकडा लिहिला, तर बॅश मृदू (सध्या लागू असलेली) आणि कठोर (मृदू मर्यादा जिच्यापर्यंत वाढवता येते ती) अशा दोन्ही मर्यादा खाली आणते, आणि खाली आणलेली कठोर मर्यादा सामान्य वापरकर्त्याला परत वर नेता येत नाही. ती ओळ फाइलमधून काढून नव्याने लॉगिन करावे. पुढच्या वेळी कॅपिटल एस लिहावे, किंवा युलिमिट आणि प्रोग्राम या दोन्ही आज्ञा एकाच कंसात द्याव्यात, म्हणजे त्या उपशेलमध्ये चालतील आणि आपला मूळ शेल मोकळा राहील. ओळ काढून नव्याने लॉगिन केल्यावर जावा सुरू करून प्रॉक निर्देशिकेत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालील 'लिमिट्स' ही फाइल उघडावी आणि पत्त्यांच्या मर्यादेच्या ओळीत 'अनलिमिटेड' दिसते का, ते पाहावे.